गुदगुल्यांची कुस्ती

आमच्या घरात दूध दादाचं होतं. म्हैस आईची, गवताचा भारा मी आणायचा, धारही मीच काढायची. पण दूध दादाचं. तसं कुणी बोलून ठरवलेलं नव्हतं. घरात पैलवान आहे म्हटल्यावर ते ठरलेलंच असतं. सकाळी टोप चुलीवर चढायचा, दूध आटून साय धरेपर्यंत आई चुलीसमोरून उठायची नाही आणि मी पाट्यावर भिजवलेले बदाम वाटत बसायची. सोलताना एखादा तोंडात टाकावा असं फार वाटायचं. आई पाठमोरी असली तरी तिला कळायचं. "बाय, पैलवान तू हायेस का तो?" मग मी हसून हात चालवायची. चहाला रंग येण्यापुरतं दूध मला मिळे आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, खरंच नाही. आज इथे हैदराबादला माझ्या मुली अर्धा पेला दूध तसाच टेबलावर टाकून शाळेत पळतात. ते मला मोरीत ओतता येत नाही. उभ्याउभ्या पिऊन टाकते आणि पिताना इकडेतिकडे बघते, कुणी बघत तर नाही ना म्हणून.

चौक गावावरून कर्जतकडे येणारा रस्ता सोडून थोडं आत आमचं गाव. आमच्या मागच्या पडवीच्या आणि तालमीच्या मध्ये एक शेवग्याचं झाड तेवढं होतं. तालमीत काय चाललंय ते मी डोळ्यांनी फारसं पाहिलं नाही, बायामुली आत जात नसत, पण कानांनी सगळं पाठ होतं. आधी खोऱ्याचा आवाज. हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या खड्ड्यातली, लाल माती रोज कुस्तीआधी खालवर खणायची, तेल नि ताक टाकून मोकळी करायची, मगच त्यात उतरायचं. मग दंड-बैठकांचा हुं हुं. मग शड्डू. दादाचा शड्डू मी दहाजणांत ओळखायची. भरलेल्या पिंपावर थाप मारावी तसा यायचा. आणि या सगळ्यावर हमीद वस्तादांचा आवाज, "मान! मान उचल रं! मान गेली की तू गेलास!"

हमीद वस्ताद म्हणजे चौकला जुन्या हायवेवर ज्यांचं टायर-पंक्चरचं गॅरेज होतं ते. दिवसभर ट्रकच्या चाकांशी झटायचे आणि सकाळ-संध्याकाळ आमच्या गावात येऊन पोरांशी. अंगापिंडाने बारीक, पण कान दोन्ही मोडलेले, सुकलेल्या बोंडांसारखे. तालमीच्या कोनाड्यात मारुती होता, त्याच्यापुढे उदबत्ती लावायला पोरं विसरली तर वस्तादच शिव्या घालून लावायला लावत. बाबा गेल्यावर दादाला त्यांनीच धरून ठेवलं. दादा तेव्हा भाजीचा टेंपो चालवायला लागला होता, थकून यायचा, तालीम बुडवायला बघायचा. वस्ताद दारात उभे राहायचे. आत यायचे नाहीत, बोलायचे नाहीत, नुसते उभे. दादा उठायचा.

मी आठवीतून शाळा सोडली. आईचा दमा वाढला होता, घरात कुणीतरी हवं होतं, असं मी सगळ्यांना सांगते आणि ते खरंच आहे. पण गणिताच्या बाई मला नावानिशी फळ्यापाशी बोलवायच्या ते आता थांबणार म्हणून मी मनातून सुटले होते, हेही खरं. दादा म्हणाला, "शीक की गं, मी भात रांधतो." त्याने एकदा रांधला. म्हशीनेसुद्धा हुंगून सोडला. मग मी चौकला एका बाईंकडे शिवण शिकायला लागले, आणि घरी मशीन आल्यावर मी शिवलेली पहिली वस्तू कुठली, तर दादाचा लंगोट. त्याला कापड दुहेरी घ्यावं लागतं आणि शिवण अशी घालावी लागते की ओढ बसली तरी उसवणार नाही आणि काचणारही नाही. दादाने तो घातला, तालमीत गेला, आणि दुसऱ्या आठवड्यात निम्म्या तालमीची कापडं माझ्या मशीनशेजारी येऊन पडली.

तालमीचा एक नियम होता. बाहेर कुठल्याही जत्रेत लढा, हरा, चित व्हा, लाज नाही. पण ठरवून पडायचं नाही. नुरा कुस्ती, म्हणजे आधी बोलून घेऊन केलेली, जो करेल त्याने पुन्हा हौद्यात पाय ठेवायचा नाही. हा नियम वस्तादांना त्यांच्या वस्तादाने घालून दिला होता. तो कुणी मोडल्याचं माझ्या आठवणीत नव्हतं, त्यामुळे पुढे काय होतं हेही कुणाला नीट माहीत नव्हतं.

भातं झोडून झाली होती, शेतात वाल वर आला होता आणि हवेत धूर राहायचा, अशा दिवसांत सिनेमावाले आले. गावाच्या खालच्या अंगाला एक मोठं शेत त्यांनी घेतलं, तिथे तट्ट्यांची तालीम उभी केली, आणि आठवड्याभरात गावाला सगळी गोष्ट पाठ झाली. शहरातला डेअरीवाल्याचा मुलगा गावात येतो, पैलवानाच्या मुलीवर भाळतो, मुलीचा बाप म्हणतो माझ्या पट्ठ्याला चित कर आणि मुलगी ने. मग तो कुस्ती शिकतो, शेणात पडतो, म्हशीच्या पाठीवर बसून गाणं म्हणतो, आणि शेवटी पट्ठ्याला पाडतो. कसं पाडतो? गुदगुल्या करून. पट्ठ्या हसत सुटतो आणि हसता हसता उताणा. हे ऐकून आमच्या पडवीत पोरं इतकी हसली की आईला खोकला लागला.

वस्तादांकडे त्यांचा मॅनेजर खरी तालीम मागायला गेला. वस्ताद नाही म्हणाले. माती मागितली. तीही नाही. पोरं मागितली, तेव्हा जरा विचार करून म्हणाले, "पोरं न्या. लडतील, नाचतील, शड्डू ठोकतील. पन पाठ लावनार नाय कोनी."

"अरे चाचा, पिक्चर है. झूठमूठ का है."

"तुमचं झूठमूठ तुमच्याकडं," वस्ताद म्हणाले. "पाठीला काय म्हाईत खरं का खोटं?"

मॅनेजर हसला. पट्ठ्याच्या कामाला त्यांनी दादालाच घेतलं, आणि शेवटी त्याच्या जागी पडायला मुंबईहून फायटर येणार होता, त्यामुळे त्याला काही अडत नव्हतं.

माझं तिथे जाणं झालं ते लंगोटांमुळे. मुंबईहून आणलेले लंगोट चकचकीत सॅटिनचे होते. पहिल्याच दिवशी गावातल्या पोरांना रांगेत उभं करून बैठका काढायला लावल्या आणि तिसऱ्या बैठकीला टर्र असा आवाज आला. मग दुसरा. पोरं दोन्ही हातांनी मागे धरून तंबूत पळाली, हिरोइन खुर्चीवरून घसरेपर्यंत हसली. कुणीतरी दादाचं नाव घेऊन म्हणालं, बबन पैलवानाच्या बहिणीला बोलवा. कपड्यांच्या तंबूत अन्वरमास्तर म्हणून वयस्क शिंपी होते, डोळ्यांवर जाड चष्मा, गळ्यात टेप. त्यांनी मी शिवलेला लंगोट उलटा केला, शिवणीवर नख फिरवलं, दोन्ही हातांनी ताणून पाहिला. "किसने सिखाया, बेटा?" मी म्हटलं, कुणी नाही, दादा फाडत गेला तशी शिकले. ते मोठ्याने हसले. त्या दिवसापासून मी तंबूत.

ते दिवस मला अजून लख्ख आठवतात, आणि एवढे लख्ख का आठवतात याचीच मला भीती वाटते, कारण मी फार सुखात होते. इस्त्रीचा वास, कपड्यांचे ढीग, मास्तरांचा रेडिओ, बारा वाजता येणारा पत्रावळीवरचा डाळभात. मास्तर शिवताना शिकवायचे, ओरडायचे नाहीत. एक दिवस म्हणाले, शूटिंग इथलं पुरं झालं की गोरेगावच्या वर्कशॉपात चल, माझी बहीण तिथेच राहते, तिच्याकडे राहशील, मी मालकांशी बोलतो. मी घरी येऊन आईला सांगितलं. आई चुलीकडे बघत राहिली. दादा म्हणाला, "जाऊ दे की तिला. इथं काय लंगोट शिवत म्हातारी व्हायचीय?" मला त्या रात्री झोप आली नाही. आठवीत नापास होता होता राहिलेल्या मुलीला कुणीतरी कामाला ने म्हणतंय. हे कुठेतरी चुकून झालंय आणि उद्या कुणाच्या तरी लक्षात येईल, असं वाटत होतं. ती भीती अजून गेलेली नाही. आजही स्टुडिओत माझ्या टेबलाकडे साहेब आले की मी आधी उठून उभी राहते, मग विचार करते.

शेवटच्या कुस्तीचा दिवस आला. मुंबईचा फायटर आला. चांगला होता बिचारा, गोरा, दंड फुगलेले, छाती काचेसारखी. डायरेक्टरने त्याला दादाशेजारी उभं करून कॅमेऱ्यातून पाहिलं आणि डोक्याला हात लावला. आदल्या सगळ्या कुस्त्यांत पट्ठ्या म्हणून दादाच दिसला होता. मान म्हणजे खोड, कान मोडलेले. हा फायटर त्याच्या जागी उताणा पडला तर लहान पोरानेसुद्धा ओळखलं असतं. मग ठरलं, दादानेच पडायचं.

दादा नाही म्हणाला. हात जोडून, नीट, हसून नाही म्हणाला. "साहेब, दुसरं काय पन सांगा. म्हशीखाली घाला. हे नको."

मॅनेजर त्याला बाजूला घेऊन आला तो नेमका आमच्या तंबूच्या कापडापलीकडे. मी आत इस्त्री करत होते. मला सगळं ऐकू आलं. मॅनेजर चढ्या आवाजात बोलतच नव्हता, उलट समजुतीने बोलत होता. आज हा सीन झाला नाही तर युनिट बांधून परत जाईल, हिरोच्या तारखा संपल्या, पुढचं सगळं बारगळेल, मग कपड्यांच्या वर्कशॉपात नवीन माणूस कोण घेणार. "तेरी बहन का भी तो सोच. अन्वरभाई ने बात की है न हमसे? हो जाएगा. सब हो जाएगा. एक बार गिरना है, बस."

इस्त्री तशीच ठेवून मी बाहेर आले. मॅनेजर निघून गेला होता. दादा पायाच्या अंगठ्याने माती उकरत उभा होता.

"दादा, नको पडू," मी म्हटलं. "माझं मी बघीन. चौकला शिवीन. नको पडू तू."

"तुझं कोन बोलतंय गं?" दादा म्हणाला. "त्या हिरोचं लगीन अडलंय. बिचारा किती दिस म्हशीवर बसलाय."

"मी ऐकलं सगळं."

"मग कशाला बोलतेस?" आणि तो मला पाठ करून गेला. जाता जाता वळून म्हणाला, "इस्त्री जळंल बघ."

खरोखरच जळत होती. कुणाच्या तरी सदऱ्यावर तिचा तपकिरी ठसा उमटला होता.

कुस्ती बघायला सगळा गाव बांधावर जमला होता. हिरो हडकुळा, मनाने चांगला, प्रत्येक वेळी दादाला विचारायचा, "भाई, लगा तो नहीं?" दादाच्या बगलेत बोटं घालून त्याने गुदगुल्या केल्या. दादाला गुदगुल्या होत नव्हत्या. मातीत घासून घासून त्या अंगाचं चामडं झालेलं. तो नुसता उभा. डायरेक्टर ओरडला, "हँसो!" दादा हसला, ते रडल्यासारखं दिसलं. गाव हसला. मग दादा बऱ्यापैकी हसायला शिकला, आणि पाडापाडी सुरू झाली.

इथे जे झालं ते कुस्तीत वाढलेल्या माणसाच्याच बाबतीत होऊ शकतं. हिरोने ढकललं की दादा मागे जायचा, जायचा, आणि पाठ मातीला लागायच्या आत मान आणि टाचा टेकवून त्याचं अंग कमानीसारखं वर उचललं जायचं. लहानपणापासून तेच शिकलेला. तो करत नव्हता, अंग करत होतं. हिरो त्या कमानीवर पोरासारखा बसलेला. डायरेक्टर "पीठ! पीठ लगाओ!" म्हणून कपाळ बडवतोय आणि बांधावर गाव टाळ्या वाजवतोय, कारण गावाच्या हिशेबाने बबन पैलवान चित झालेला नव्हता. कुणीतरी ओरडलं, "बबन, हान त्याला आता!" शेवटी माइकवाल्याने गावाला हात जोडले.

असं कितीतरी वेळा झालं. दादाने मध्येच खोरं मागितलं. ती माती म्हणजे शेतातलीच ढेकळं फोडून, वर लाल रंग कालवून पसरलेली होती, आणि धूळ उडू नये म्हणून सकाळपासून तिच्यावर पाणी मारत होते. उन्हाने आणि पायांनी ती बसून अंगणासारखी झाली होती. दादा म्हणाला, जरा खणून घेतो, मोकळी करतो. पण फोटो घेऊन हिशेब ठेवणारी एक मुलगी होती, ती धावत आली. खणायचं नाही, आधीच्या शॉटमध्ये पायांचे ठसे दिसलेत, ते तसेच राहायला हवेत, नाहीतर जुळणार नाही. तिचं काम ती करत होती. तिला मातीचं काय माहीत, आणि दादाला ठशांचं काय माहीत. दादाने खोरं परत दिलं.

मग तो जरा वेळ मांडीवर हात ठेवून खाली बघत उभा राहिला. मी तंबूच्या दोरीला धरून उभी होते. मला कळलं तो काय ठरवतोय ते. पडताना अंग सोडायचं. मान सोडायची. आयुष्यभर जे करू नको म्हणून वस्ताद ओरडले, तेच एकदा करायचं.

हिरोने गुदगुल्या केल्या, दादा हसला, मागे गेला, आणि या वेळी काहीच वर आलं नाही. तालमीतल्या मातीत माणूस पडला की भप्प असा आवाज येतो, पिठाच्या पोत्यासारखा. हा तसा नव्हता. दार आपटावं तसा होता. मग "कट!" आणि युनिटमधल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. बांधावरून एकही टाळी आली नाही. दादा आकाशाकडे बघत पडलेला आणि अजून हसत होता. ते हसू सिनेमात आहे.

आणि मला हायसं वाटलं. तेच मला लिहायचं होतं, आणि त्याच्याभोवती मी एवढा वेळ दुधा-बदामांचं दळण दळत बसले. मी त्याला पडू नको म्हटलं होतं, मनापासून म्हटलं होतं, पण तो पडला त्या घटकेला माझ्या छातीवरून काहीतरी उतरलं आणि मनात आलं, झालं माझं गोरेगाव. त्यानंतर मी त्याच्याकडे धावले. आधी ते, नंतर धावणं. हा क्रम मला बदलता आलेला नाही.

उन्हं उतरल्यावर युनिटने गावासाठी पोपटी लावली. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी घालून वरून जाळ. हिरोइनने असलं कधी खाल्लं नव्हतं, बोटं चाटत होती. दादाला लोकांनी मध्ये बसवलं होतं, हिरो त्याच्या खांद्यावर हात टाकून बसला होता. दादा एक शेंग हातात घेऊन नुसती फिरवत होता. मग हळूच माझ्याकडे सरकवली. "सोलून दे गं." दादाने आयुष्यात कधी मला शेंग सोलून मागितली नव्हती. मी सोलून दिली, तो डाव्या हाताने खात राहिला, आणि आम्ही दोघं दुसऱ्यांच्या गप्पांना हसत राहिलो.

खोपोलीचे डॉक्टर म्हणाले, मानेतली नस दबली आहे. पट्टा बांधला, गोळ्या दिल्या, युनिटने सगळा खर्च केला, त्यांना नावं ठेवायला जागा नाही. मान बरी झाली. उजव्या हाताची दोन बोटं मात्र बधिर राहिली ती राहिलीच. टेंपो चालवता येतो, पेला धरता येतो. पकड गेली.

पण ते कळायला दिवस लागले. वस्ताद त्याआधी, दुसऱ्याच सकाळी आले. या वेळी दारात उभे राहिले नाहीत, आत येऊन बसले. आईने चहा दिला. त्यांनी म्हशीची चौकशी केली, आईच्या दम्याची केली, चहा सगळा संपवला. मग पिशवीतून तालमीच्या खुंटीवरचा दादाचा लंगोट काढला, धुऊन घडी घातलेला, आणि माझ्या मशीनवर ठेवला.

आईने डोक्यावरचा पदर नीट केला. "वस्ताद, खोटी कुस्ती ती. पिक्चर होता."

"म्हाईत हाय मला, वैनी. मी बांधावर होतो."

"मग?"

"तालमीतली सगळी पोरं पन बांधावर होती."

दादा भिंतीला टेकून बसला होता, मान वळवता येत नव्हती म्हणून समोर बघत. "वस्ताद, मी काय बोलत नाय," तो म्हणाला.

"तू काय बोलनार? तू का पडलास ते मला समजलंय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. "पोरी, शिवन झ्याक हाय तुझी. नीट जा, नीट राहा." मग उठता उठता दादाला म्हणाले, "मी बोलवीन तेवा ये."

"बरं," दादा म्हणाला.

मी गोरेगावला गेले. अन्वरमास्तरांनी मला लेकीसारखं सांभाळलं, हातात कला दिली, पुढे हैदराबादच्या कामाला त्यांनीच शब्द टाकला. त्यांचे उपकार मोजायला बसले तर माझ्याच्याने होणार नाही. सिनेमा लागला तेव्हा वर्कशॉपातल्या आम्ही सगळ्यांनी एकत्र जाऊन पाहिला. चालला नाही फारसा, पण शेवटच्या कुस्तीला थेटर हसून लोटपोट झालं. शेजारच्या बाईने डोळे पुसले. मीही हसले. मास्तर माझ्याकडे बघत होते आणि तिकीट त्यांनी काढलं होतं.

वस्तादांनी दादाला बोलावलं नाही. का, ते मला माहीत नाही. चौकला भेटले की बोलायचे, टेंपोचं पंक्चर काढून द्यायचे, दादाच्या लग्नात बुंदी वाढायला उभे होते. तालमीचा विषय दोघांनीही काढला नाही. साथीच्या दिवसांत वस्ताद गेले. मातीला मोजकीच माणसं सोडली, त्यांत दादा नव्हता. त्याने मला फोनवर सांगितलं तेव्हा आवाज नेहमीचाच होता. "वस्ताद गेले गं," एवढंच. मग माझ्या मुलींची चौकशी केली.

मागच्या दिवाळीत गेले होते. संध्याकाळी दादा दिसेना म्हणून वहिनीला विचारलं, ती म्हणाली, "जानार कुठं? तालमीच्या पायरीवर." मी मागच्या बाजूने गेले. तालमीवर नवे पत्रे आले आहेत. आता वस्तादांचा पुतण्या शिकवतो. दादा उंबऱ्याबाहेरच्या पायरीवर बसून आतल्या पोरांना डाव सांगत होता. पुतण्या आतून म्हणाला, "बबनदा, आत येऊन दाखव ना. तिथनं काय समजनार त्यांला?" दादाने हात हलवला. मी त्याच्याशेजारी बसले.

"आता कोन अडवनार हाय तुला?" मी विचारलं. घरी गेले की माझी भाषा घरची होते.

"कोन नाय. तीच तर गोष्ट हाय. ज्यानं जा म्हटलं त्यानंच ये म्हनायचं असतं. तो गेला."

मग माझ्या तोंडून ते निघालंच, जे दर खेपेला निघतं. "माझ्यापायी झालं सगळं."

दादा माझ्यावर कधी चिडत नाही. त्या दिवशी चिडला. "दर टायमाला येतेस नि हेच. तू पाडलंस का मला? त्या हिरोनं तरी पाडलं का, तो काडीपैलवान? मी पडलो. माझा मी पडलो. दुसरी कुस्ती लोकांच्या ध्यानात तरी हाय का माझी? येवढं एक केलंय मी, तर ते पन तू आपल्या नावावर करून घेतेस." त्याने बधिर बोटं दुसऱ्या हाताने दाबली, सवयीने. "ते माझं राहू दे गं, बाय."

इथे परत येऊन इतके महिने झाले, ते वाक्य डोक्यातून जात नाही. म्हणून हे लिहायला घेतलं, आणि लिहितानाही पुन्हा तेच करून बसले की काय, असं वाटतंय. त्या संध्याकाळी तो एवढं बोलला आणि तेवढ्यात तालमीत आत कुणीतरी भप्पदिशी पडलं. दादा माझ्याशी बोलायचं सोडून पायरीवर अर्धा उठला आणि आत वाकून ओरडला, "मान! मान उचल रं आधी!"